भूपृष्ठालगतचा वातावरणीय संक्षोभ व बाष्पविनिमय

भूपृष्ठालगतचा वातावरणीय संक्षोभ व बाष्पविनिमय : जमीन, पिके, वने व जलाशय यांच्या पृष्ठभागावरून उष्णता, बाष्प, कार्बन डाय-ऑक्साइड व गतिज संवेग यांची हवेशी जी अखंड देवघेव चालते, तिला भूपृष्ठ–वातावरण विनिमय म्हणतात. ही देवघेव मुख्यत्वे हवेतील अनियमित भोवऱ्यांमार्फत, म्हणजे संक्षोभामार्फत होते. महाराष्ट्राच्या पठारावरील, विशेषतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांसारख्या भागांत, पावसाने पडलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा याच मार्गाने पुन्हा वातावरणात जातो. नदीचे पाणी बंधाऱ्यावर व विहिरीचे पाणी मोटेवर मोजता येते; परंतु हवेत जाणारे पाणी डोळ्यांना दिसत नसल्याने त्याचे मापन फार उशिरा सुरू झाले. या मापनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा पुणे येथील काळ्या जमिनीवर पार पडला.

स्वरूप व प्रक्रिया : अगदी शांत हवेत उष्णता व बाष्प रेणूंच्या हालचालींमुळे वर सरकतात, पण हा वेग इतका अल्प असतो की, त्यामुळे शेतातील ओलावा काही मीटर उंच जाण्यास कित्येक दिवस लागतील. प्रत्यक्षात तो काही सेकंदांत वर जातो. याचे कारण संक्षोभ होय. संक्षोभ दोन प्रकारांनी निर्माण होतो. वारा ढेकळे, पिके, झाडे व घरे यांवरून वाहताना घर्षणामुळे त्याच्या खालच्या व वरच्या थरांच्या वेगांत फरक पडतो आणि भोवरे तयार होतात. दुसऱ्या प्रकारात उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उसळते व तिच्या जागी वरची थंड हवा खाली येते. उन्हाळ्यात दुपारी माळरानावर फिरणाऱ्या वावटळी आणि सडकेवर दिसणारे मृगजळ ही दोन्ही तापलेल्या भूपृष्ठाची दृश्य लक्षणे आहेत. अशा दिवशी संक्षोभाचा थर जमिनीपासून दोन-तीन किमी. उंचीपर्यंत वाढू शकतो. सूर्यास्तानंतर जमीन प्रारणाने निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि संक्षोभ मंदावतो. हिवाळ्यात सायंकाळी गावातील चुलींचा धूर वर न जाता घरांच्या छपरांवर आडवा पसरतो, तो यामुळेच.

भूपृष्ठाला सूर्यापासून मिळालेल्या निव्वळ ऊर्जेचा काही भाग जमीन तापविण्यात, काही हवा तापविण्यात आणि उरलेला पाण्याचे बाष्पीभवन करण्यात खर्च होतो. एक चौ.मी. क्षेत्रावरील १ मिमी. जाडीचा पाण्याचा थर म्हणजे १ लिटर पाणी. त्याचे बाष्प होण्यास सु. २·४५ दशलक्ष जूल ऊर्जा लागते. मातीत ओल असेल, तर बरीचशी ऊर्जा या कामी खर्च होऊन हवा तुलनेने थंड राहते. ओल संपली की, तीच ऊर्जा हवा तापविते. दुष्काळी वर्षातील उन्हाळा अधिक प्रखर भासतो, याचे एक कारण येथे आहे.

ऐतिहासिक आढावा : नळीतून वाहणारे पाणी विशिष्ट मर्यादेनंतर संथ न राहता संक्षुब्ध होते, हे ऑझ्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये इंग्‍लंडमध्ये प्रयोगाने दाखविले. प्रवाहाचा सरासरी वेग व त्याभोवतीचे चढउतार वेगवेगळे मानण्याची त्यांची १८९५ मधील कल्पना आजच्या मापनपद्धतींचा पाया ठरली. लूटव्हिख प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराची संकल्पना मांडली. जेफ्री टेलर यांनी १९१३ मध्ये ‘स्कोशिया’ या जहाजावरून उत्तर अटलांटिक महासागरावरील हवेची निरीक्षणे घेतली व १९१५ मध्ये वातावरणातील भोवऱ्यांच्या गतीवर निबंध प्रसिद्ध केला. ऑस्ट्रियातील व्हिल्हेल्म श्मिट यांनी १९२५ मध्ये संक्षोभामुळे होणाऱ्या विनिमयाचे व्यापक विवेचन केले. दोन वर्षांनी जर्मनीतील रूडोल्फ गायगर यांचा जमिनीलगतच्या हवेच्या थरांतील जलवायुमानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे बहुतेक कार्य समशीतोष्ण प्रदेशांतील होते. प्रखर ऊन, दीर्घ कोरडा ऋतू आणि भेगाळणारी काळी माती असलेल्या भूमीवर काय घडते, हा प्रश्न त्यात फारसा आला नव्हता.

पुणे येथील संशोधन : भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. १९३२ मध्ये तेथे कृषि-वातावरणविज्ञानाची शाखा सुरू झाली आणि तिची धुरा एल्. ए. रामदास (१९००–७९) यांच्याकडे आली. चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली कलकत्त्यास द्रवांच्या पृष्ठभागांवरील प्रकाश-प्रकीर्णनाचा अभ्यास केलेल्या या भौतिकीविज्ञांनी आपले लक्ष जमीन व हवा यांच्या संधिपृष्ठाकडे वळविले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर मध्यवर्ती कृषि-वातावरणवैज्ञानिक वेधशाळा उभारण्यात आली. तेथील काळी माती व मराठवाड्यातील काळी माती या दोन्ही दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या असल्याने, तेथील निष्कर्षांचा मराठवाड्याशी निकटचा संबंध आहे.

रामदास व एस्. आत्मनाथन् यांनी १९३२ मध्ये एक अनपेक्षित निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र व निवांत रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीच्या पृष्ठावर असावे, अशी तोवरची समजूत होती. परंतु उघड्या जमिनीवर ते पृष्ठापासून काही डेसिमीटर उंचीवर आढळले. थंड व जड हवा तिच्याखालील उबदार हवेवर टिकून कशी राहते, याचा उलगडा होईना. त्यामुळे पुष्कळांनी उपकरणांतील दोषाची शंका घेतली. के. राश्के यांनी पुण्यातच घेतलेल्या आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनी मूळ शोधास पुष्टी मिळाली. या थरास पुढे ‘रामदास थर’ असे नाव रूढ झाले. १९९० नंतरच्या दशकात रोद्दम नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगलोर येथे जमिनीची प्रारणक्षमता विचारात घेऊन त्याची सैद्धांतिक उपपत्ती मांडली. त्यानंतरच्या प्रयोगांत जमिनीलगत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या प्रारणामुळे हवा निवते, या स्पष्टीकरणाकडे लक्ष वेधले गेले.

शेतीच्या दृष्टीने रामदास यांच्या गटाची दुसरी दोन निरीक्षणे अधिक मोलाची आहेत. काळ्या जमिनीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिला असता सूर्यप्रकाशाचे परावर्तन वाढते व मातीचे तापमान लक्षणीय प्रमाणात उतरते, हे त्यांनी दाखविले. काळा रंग हा केवळ मातीचा गुण नसून तो तिच्या ऊर्जेच्या हिशेबातील एक घटक आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. रामदास व कट्टी यांनी १९३४ मध्ये कोरड्या ऋतूतील मातीच्या ओलाव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सायंकाळनंतर वरच्या थरातील कोरडी माती हवेतील बाष्प शोषून घेते आणि दिवसा ऊन तापताच ते परत हवेत सोडते, असे त्यात आढळले. म्हणजे पाऊस नसतानाही जमीन व हवा यांच्यामध्ये पाण्याची रोजची देवघेव चालूच असते. त्याच सुमारास ऊस, ज्वारी यांसारख्या पिकांच्या आत निरनिराळ्या उंचींवर तापमान, आर्द्रता व वारा यांची मोजमापे घेण्यात आली आणि प्रत्येक पीक आपले स्वतःचे सूक्ष्म जलवायुमान निर्माण करते, हे आकड्यांनिशी सिद्ध झाले.

मापनपद्धतींचा विकास : या निरीक्षणांनी तापमान व आर्द्रता यांचे उंचीनुसार होणारे बदल कळले, परंतु किती पाणी हवेत गेले, हे थेट मोजण्याचे साधन नव्हते. आय्. एस्. बोएन यांनी १९२६ मध्ये हवा तापविणाऱ्या व बाष्पीभवनात खर्च होणाऱ्या ऊर्जांचे गुणोत्तर काढण्याची रीत सुचविली होती. हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये प्रारण, तापमान, आर्द्रता व वारा या नेहमीच्या निरीक्षणांवरून बाष्पीभवन काढण्याचे सूत्र दिले. सिंचनासाठी पाण्याची गरज ठरविताना त्याच्या सुधारित स्वरूपाचा आजही उपयोग होतो. त्यासाठी लागणारी प्रारणाची मापने भारतात मिळू लागली, ती १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षापासून. पुणे येथे ॲना मणी यांनी उपकरणे व निरीक्षणकेंद्रे यांची उभारणी केल्यामुळे हे शक्य झाले.

भोवऱ्यांतील बाष्प थेट मोजण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. सी. स्विनबँक यांनी १९५१ मध्ये मांडली. वर जाणारी हवा खाली येणाऱ्या हवेपेक्षा अधिक ओलसर असेल, तर तेवढे बाष्प पृष्ठभागावरून निघाले, हे तिचे साधे तत्त्व होय. मात्र त्यासाठी हवेचा उभा वेग व आर्द्रता सेकंदाला दहा-वीस वेळा मोजावी लागते. श्राव्यातीत ध्वनीवर चालणारे वेगमापक व अवरक्त किरणांवर चालणारी वायुविश्लेषक उपकरणे सिद्ध झाल्यावरच ती व्यवहारात आली. सोव्हिएट रशियातील मोनिन व ओबुखॉव्ह यांचा १९५४ मधील समरूपता सिद्धांत आणि अमेरिकेतील कॅनझस राज्यात १९६८ मध्ये झालेला क्षेत्रप्रयोग यांमुळे तिला सैद्धांतिक आधार मिळाला. भारतात १९९० मध्ये जोधपूर, दिल्ली, वाराणसी व खरगपूर येथे मनोरे उभारून मॉन्सून द्रोणीच्या सीमास्तराचा प्रयोग करण्यात आला. १९६२ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ढग व सूक्ष्म कण यांच्या अभ्यासाची मोहीम २००९ मध्ये हाती घेतली. तिचा पुढील टप्पा २०१८-१९ मध्ये पर्जन्यछायेतील सोलापूर येथे पार पडला.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील भूपृष्ठे : १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या प्रदेशात (लातूर हा १९८२ पासून स्वतंत्र जिल्हा आहे) विनिमयाच्या दृष्टीने भिन्न अशी चार प्रकारची भूपृष्ठे जवळजवळ आढळतात. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट व माहूर भागांत सागाची पानझडी वने आहेत. उंच व खडबडीत अशा वनावर वाऱ्याचा संक्षोभ तीव्र असतो आणि खोल मुळांमुळे पावसाळ्यानंतरही बाष्पोच्छ्वास चालू राहतो. उन्हाळ्याच्या तोंडी पाने गळताच तो मंदावतो. दुसरे भूपृष्ठ कोरडवाहू काळ्या शेतांचे, तिसरे ऊस व केळी यांच्या बागायतीचे आणि चौथे उघड्या जलाशयांचे होय. लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सु. ८०० मिमी. व नांदेड जिल्ह्यात सु. ९०० मिमी. पाऊस पडतो, तर उघड्या पाण्यावरून होऊ शकणारे वार्षिक बाष्पीभवन याच्या सुमारे दुप्पट आहे. पाऊस चार महिन्यांत पडतो, हवेची मागणी मात्र बाराही महिने असते.

या विषमतेची जाण शेतकऱ्यांस शास्त्राच्या आधीपासून होती. रब्बी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढते. त्या काळात वारंवार केलेल्या कोळपणीने वरची माती भुसभुशीत होते, केशनलिका तुटतात व भेगा बुजतात. त्यामुळे खालची ओल हवेच्या संपर्कात येत नाही. अर्धापूर भागातील केळीसारख्या बागांना उन्हाळी वाऱ्यापासून जपण्यासाठी कडेने शेवरीसारखी दाट वाढणारी झाडे लावणे हितकर असते. असे वारारोधक वाऱ्याच्या दिशेपलीकडे आपल्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वारा मंदावतात आणि पानांभोवतीची आर्द्रता टिकवितात.

गेल्या काही दशकांत लातूर जिल्ह्यात सोयाबीनचे क्षेत्र फार वाढले. फेब्रुवारीपर्यंत शेतात उभ्या राहणाऱ्या ज्वारीऐवजी ऑक्टोबरमध्ये निघणारे पीक आले. त्यामागून हरभरा घेतला नाही, तर जमीन जूनपर्यंत उघडी राहते. उघडी काळी जमीन ऊर्जा अधिक शोषते, भेगाळते व आपली ओल पिकाच्या उपयोगी न पडता गमावते. दुसरीकडे, वर्षभर हिरवा राहणारा ऊस भर उन्हाळ्यातही बाष्प सोडतो. आजूबाजूच्या कोरड्या शेतांवरून तापून आलेली हवा त्याच्यावरून वाहते, तेव्हा बाष्पोच्छ्वासास मिळणारी ऊर्जा केवळ सूर्यप्रकाशापुरती मर्यादित राहत नाही. त्यामुळे कोरड्या प्रदेशात एकाकी असलेल्या बागायतीस सलग बागायतीपेक्षा दर एकरी अधिक पाणी लागते.

पाण्याचा हिशेब : या विषयाचे व्यावहारिक महत्त्व २०१६ च्या टंचाईत उघड झाले. लातूर शहरास पाणी पुरविणारा मांजरा नदीवरील धनेगावचा प्रकल्प कोरडा पडला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सु. ३४० किमी. अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पूर्ण क्षमतेच्या गाडीतून एका फेरीत सु. २५ लाख लिटर पाणी येई. उन्हाळ्यात एका दिवसात ६ मिमी. बाष्पीभवन धरले, तर केवळ १ चौ.किमी. उघड्या पाण्यावरून ६० लाख लिटर पाणी हवेत जाते. म्हणजे अशा एका गाडीतील पाण्याच्या दुपटीहून अधिक. उथळ व विस्तीर्ण जलाशयांत हा व्यय साठ्याच्या मानाने अधिक असतो, म्हणून साठ्याची आकडेवारी त्याच्याशिवाय अपुरी ठरते. जलाशय, तळी व शेततळी यांवर आच्छादन घालणे, खोली वाढवून पृष्ठक्षेत्र कमी ठेवणे, शेतात धसकटे व पालापाचोळा यांचे आच्छादन राखणे आणि ठिबक सिंचनाने फक्त मुळांपाशी पाणी देणे हे सर्व उपाय एकाच तत्त्वावर आधारलेले आहेत : संक्षुब्ध हवा व पाणी यांचा निरुपयोगी संपर्क कमी करणे.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) या प्रदेशासाठी पिकांची पाण्याची गरज व हवामान यांचा अभ्यास करीत आले आहे. बाष्पीभवन पूर्णपणे थांबविणे शक्य नाही व इष्टही नाही. कारण पिकाचे अन्न तयार होण्यासाठी पर्णरंध्रे उघडी राहावी लागतात आणि त्याच वाटेने पाणी बाहेर पडते. हवेत गेलेल्या पाण्यापैकी किती धान्य देऊन गेले आणि किती भेगांतून व उघड्या पृष्ठांवरून तसेच गेले, हा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या काळ्या मातीवर सुरू झालेल्या मापनपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर काढण्याची साधने उपलब्ध करून दिली आहेत. नांदेड व लातूर यांसारख्या भागांत धरणांच्या आणि पीकपद्धतींच्या नियोजनात त्यांचा वापर जेवढा होईल, तेवढा पाण्याचा हिशेब वास्तवाला धरून राहील.