विटेनबर्गच्या चर्चची भिंत

मार्टिन ल्यूथरचं नाव निघालं की डोळ्यांसमोर येतं ते १५१७ साल, विटेनबर्गच्या चर्चचं दार आणि ९५ मुद्द्यांचा कागद. ते दार राजवाड्याच्या चर्चचं. ल्यूथर नेहमी प्रवचन देत असे ते गावच्या चर्चमध्ये, सेंट मेरीत. मी भाषेचा शिक्षक, म्हणून मला हेच चर्च जवळचं वाटतं. इथं धर्म लोकांशी त्यांच्याच जर्मन बोलीत बोलला.

इमारतीचा सर्वांत जुना भाग तेराव्या शतकातला. पुढे दोन उंच मनोरे झाले. १५४६-४७च्या युद्धात त्यांचे टोकदार कळस उतरवून वर तोफा चढवल्या. आजचे अष्टकोनी माथे त्यानंतरचे. आत क्रानाखच्या चित्रशाळेतली वेदी आहे. तिच्यावरच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात येशूच्या शिष्यांमध्ये ल्यूथरही बसलेला दिसतो. मार्च १५२२ मध्ये गावात मूर्ती फोडण्याचं वारं सुटलं होतं, तेव्हा याच चर्चमध्ये सलग आठ दिवस प्रवचनं देऊन त्यानं लोकांना आवरलं. श्रद्धा जबरदस्तीनं लादता येत नाही, हा त्यांचा गाभा.

आणि याच चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर सुमारे सातशे वर्षांपूर्वीचं एक शिल्प आहे. डुकरिणीला लुचणारे ज्यू, तिची शेपटी उचलून पाहणारा त्यांचा धर्मगुरू. डुक्कर ज्यूंना निषिद्ध, आपल्यालाही. त्यामुळे हा घाव कुठे बसतो हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. १५४३ साली ल्यूथरनं ज्यूंविरुद्धच्या पुस्तकात याच शिल्पाचा आधार घेतला. सक्ती नको म्हणणारी जीभ तीच.

१९८८ साली शिल्पाखाली, जमिनीवर, साठ लाख ज्यूंच्या हत्येची आठवण देणारं स्मारक बसवलं. तरीही शिल्प काढावं म्हणून एका ज्यू नागरिकानं दावा लावला. २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं तो फेटाळला: स्मारक आणि माहितीफलकामुळे आता ते निषेधाचं स्थळ झालं आहे, असं म्हणून.

पुरावा पुसू नये, हे मला पटतं. पण पुरावा संग्रहालयातही जपता येतो. प्रार्थनास्थळाची भिंत वेगळी असते. तिच्यावर जे राहतं त्याला मान मिळतो. शिवाय स्मारक वाचायला मान खाली घालावी लागते, आणि शिल्प मात्र अजून वरच आहे.