कर्नलला यंत्राची ओळख कोण करून देतो? डिव्हाइस ट्रीचा इतिहास

मार्च २०११. लिनक्स कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएम प्रोसेसरवर काम करणाऱ्या मंडळींना मेलिंग लिस्टवर चारचौघांत फैलावर घेतले. त्यांचे शब्द इथे जसेच्या तसे देण्याजोगे नाहीत. तक्रार मात्र रास्त होती. प्रत्येक कंपनी आपापल्या बोर्डांसाठी जवळपास सारखाच कोड पुन्हापुन्हा लिहून पाठवत होती आणि तो एकत्र करताना एकमेकांवर आदळत होता. आजचा धागा या भांडणाविषयी आणि त्याआधीच्या बावीस वर्षांविषयी.

मूळ प्रश्न साधा आहे. यंत्र सुरू झाले, कर्नल स्मृतीत आला. पण आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे त्याला कसे कळावे? पीसीवर ही अडचण बरीचशी सुटलेली असते. पीसीआय कार्डाला विचारले की ते आपला उत्पादक आणि आपला क्रमांक सांगते. उरलेली माहिती १९९६ पासून एसीपीआयचे तक्ते पुरवू लागले. फोन, राउटर किंवा सेट-टॉप बॉक्समधील चिपचे तसे नसते. तिच्या पोटातील सिरियल पोर्ट, टायमर, पिनांचे नियंत्रक ठरावीक पत्त्यांवर मुकाट बसलेले असतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत, आणि भलत्याच पत्त्यावर हात लावला तर यंत्र जागीच गोठू शकते. म्हणजे कोणी तरी आधी सांगून ठेवलेच पाहिजे.

एआरएमच्या जगात हे सांगण्याची रीत अशी होती : प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक. त्याची नोंदवही रसेल किंग सांभाळत. बूटलोडर तो क्रमांक प्रोसेसरच्या आर-वन या रजिस्टरमध्ये ठेवून कर्नलकडे सूत्रे सोपवी. कर्नल त्या क्रमांकाची बोर्ड फाइल शोधी, आणि यंत्राचे सगळे वर्णन त्या फाइलमध्ये सी भाषेत लिहिलेले असे. एखादा दिवा या पिनेऐवजी त्या पिनेला जोडला, तरी कोड बदला आणि कर्नल नव्याने बांधा. या रीतीला आज हसणे सोपे आहे. पण ज्या काळात एका यंत्रासाठी एकच कर्नल बांधला जाई आणि तो क्वचितच बदले, त्या काळात ती पुरेशी होती. स्मार्टफोन आले आणि गणित फिरले. नोंदवहीतले क्रमांक हजारोंच्या घरात गेले.

गंमत अशी, की या दुखण्यावरचे औषध दुसऱ्या घराण्यात केव्हाच तयार होते. १९८९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या स्पार्कस्टेशन १ या संगणकासोबत ओपनबूट हे फर्मवेअर आले. मिच ब्रॅडली हे त्याचे शिल्पकार, आणि ते लिहिलेले होते फोर्थ या भाषेत. फर्मवेअर यंत्राची पाहणी करी आणि तिच्यातून एक वृक्ष रची : मुळाशी यंत्र, त्याच्या फांद्यांवर बस, बसच्या फांद्यांवर उपकरणे, आणि प्रत्येक उपकरणाशी त्याचे गुणधर्म. १९९४ मध्ये हीच पद्धत ओपन फर्मवेअर या नावाने आयईईई १२७५ हे मानक झाली. पुढे अॅपलचे पॉवर मॅकिंटॉश आणि आयबीएमचे सर्व्हर यांनीही ती स्वीकारली.

या वृक्षातील एक नोंद म्हणजे जणू यंत्राच्या एका तुकड्याचा सातबारा. पत्ता कोणता, विस्तार किती, इंटरप्ट कोणाकडे जातो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे उपकरण कोणाशी जुळते. 'कम्पॅटिबल' नावाच्या या शेवटच्या गुणधर्मात आधी नेमके नाव येते आणि मग जुन्या, सर्वपरिचित नातलगाचे. नव्या सिरियल पोर्टासाठी स्वतंत्र ड्रायव्हर नसेल, तर कर्नल जुन्या १६५५० चिपच्या ड्रायव्हरवर काम भागवतो.

माझ्या मते या कथेतील निर्णायक वर्ष २०११ नव्हे, तर २००५. ओपन फर्मवेअर हा जिवंत साक्षीदार होता. कर्नल त्याला प्रश्न विचारी आणि तो उत्तरे देई. पण कर्नलने एकदा ताबा घेतला की साक्षीदार निघून जाई. केएक्झेकच्या साहाय्याने एका कर्नलमधून दुसरा कर्नल सुरू करायचा, तर त्या दुसऱ्याने विचारायचे कोणाला? शिवाय पॉवरपीसीच्या लहानसहान बोर्डांवर एवढे जड फर्मवेअर नसेच. त्याच सुमारास पॉवरपीसीच्या ३२ आणि ६४ बिटांच्या शाखा एकत्र करण्याचे काम चालू होते. बेंजामिन हेरेनश्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृक्ष सपाट करून एका फाइलमध्ये उतरवला. त्यांच्या टिपणाचे शीर्षकच होते 'ओपन फर्मवेअरविना बूट करणे'. माणसाने वाचण्याजोग्या मजकुरातून ती फाइल घडवणारा कंपायलर डेव्हिड गिब्सन यांनी लिहिला. साक्ष तोंडी होती, तिचा दस्तऐवज झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

त्या फाइलच्या आरंभी षोडशमान अंकांत एक खूण असते : डी, शून्य, शून्य, डी, एफ, ई, ई, डी. शून्यांना 'ओ' मानून वाचा. गंभीर मानकांत असा खट्याळपणा क्वचितच भेटतो.

२०११ च्या भडक्यानंतर एआरएमने हाच दस्तऐवज उचलला. ग्रँट लाइकली यांनी पॉवरपीसीपुरते असलेले हे काम सर्व प्रोसेसरांसाठी मोकळे करत आणले होतेच. डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालणारा एकच कर्नल बांधता येऊ लागला.

वचन मात्र अर्धेच पाळले गेले. वृक्ष यंत्रासोबत यावा आणि आजच्या वर्णनावर उद्याचा कर्नल चालावा, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात वर्णने कर्नलच्याच भांडारात राहिली. नोंदींची भाषा बदलत गेली की जुनी वर्णने मोडत. ही भाषा गोठवावी की नाही, यावर २०१३ मध्ये बराच वाद झाला. वाद वरवर पाहता तांत्रिक होता, पण त्याची झळ सामान्य वापरणाऱ्यालाही लागते. उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेला फोन नव्या कर्नलवर चालवू पाहणारे पोस्टमार्केटओएससारखे प्रकल्प आधी शोधतात ते त्या फोनचे नीट वर्णन. ते सापडले नाही, तर चांगला चालता फोनही भंगारात जातो.

तुमच्याकडे रास्पबेरी पाय असेल, तर 'प्रॉक' या फोल्डरात 'डिव्हाइस-ट्री' उघडून पाहा. सगळा वृक्ष तिथे फोल्डर आणि फाइलींच्या रूपात उभा असतो. त्यातील संख्या मोठा बाइट आधी या क्रमाने लिहिलेल्या दिसतील. स्पार्क आणि पॉवरपीसी यांची ही रीत. लिनक्सखालचे एआरएम बहुधा उलट क्रमाने वाचते, म्हणून आजही यंत्र सुरू होताना कर्नल यातील प्रत्येक संख्या उलटी करून घेतो.