प्रोसेसरच्या वेगाचा आकडा डळमळीत का झाला?

घरी असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर तोच बेंचमार्क लागोपाठ चालवून दर वेळी वेगळा आकडा आला, की जोडणीत काहीतरी बिघडलंय असं मानलं जातं. या समजुतीचं मूळ जुन्या प्रोसेसरांत आहे. १९७२ साली ब्रिटनमध्ये व्हेटस्टोन ही चाचणी लिहिली गेली, १९८४ साली रायनहोल्ड वायकर यांची ड्राइस्टोन आली. त्या काळी प्रोसेसर ठरलेल्या क्लॉकवरच चालत; संशय घ्यायचा तर चाचणीचा घ्यावा लागे. स्पेक या संस्थेच्या १९८९च्या चाचणी-संचातल्या मॅट्रिक्स३०० या प्रोग्रॅमचे आकडे नव्या कंपायलरांनी इतके फुगवले, की १९९२च्या संचातून तो वगळावा लागला.

२००८ साली इंटेलच्या नेहालेम प्रोसेसरांत क्लॉक तात्पुरता वाढवणारं टर्बो बूस्ट आलं आणि अस्थिरता चिपमध्येच शिरली. २०२०च्या कोअर आय९-१०९००केचंच पाहा. इंटेलच्या शिफारशीनुसार तो सुमारे ५६ सेकंद २५० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो, नंतर १२५ वॉटवर उतरतो. शेवटचे १०० मेगाहर्ट्झ तर तापमान ७० अंशांच्या आत असेल तरच मिळतात. त्यातून अनेक मदरबोर्ड ही वीजमर्यादा परस्पर उठवतात. म्हणजे अर्ध्या मिनिटाची चाचणी आणि दहा मिनिटांची चाचणी एकाच चिपच्या दोन वेगळ्या अवस्था मोजतात. त्याच वर्षी आलेल्या सिनेबेंच आर२३ने किमान दहा मिनिटांची चाचणी ठेवली, ती याचसाठी.

मग दोष नसतोच का? असतो, पण त्याची चाल वेगळी असते. कूलर नीट बसला नसेल तर तापमान काही सेकंदांत शंभरीला भिडतं आणि क्लॉक कोसळतो. रॅमची एकच पट्टी लावली असेल, तर मेमरीवर भिस्त असलेल्या चाचण्यांत आकडा दर वेळी सारखाच कमी येतो. मध्येच एखादा आकडा घसरला, तर पार्श्वभूमीला चालणारं अपडेट किंवा अँटिव्हायरस आधी तपासावं. म्हणून आकड्याशेजारी क्लॉक, तापमान आणि वॉट यांची नोंद हवीच. तिच्याविना केलेलं निदान निव्वळ अंदाज ठरतं.

एवढा हलणारा आकडा निरुपयोगी आहे, हा आक्षेप मात्र टिकत नाही. स्पेकच्या नियमांत चाचणी तीनदा चालवून मधला आकडा धरण्याची आणि यंत्राचा पूर्ण तपशील जाहीर करण्याची पद्धत रुळली आहे. ती घरीही पाळता येते, आणि ती पाळल्यावरच दोन कॉम्प्युटरांची तुलना न्याय्य होते.