पनवेलहून श्रीवर्धन सायकलने: गटासोबत जाण्याआधी हे विचारून घ्या

पनवेल : थंडी सुरू झाली की पनवेल, पेण, अलिबागच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेल्या सायकलवाल्यांच्या रांगा दिसायला लागतात. त्यांच्या मागे एक टेम्पो किंवा जीप हळूहळू येत असते. यालाच ‘सपोर्टेड टूर’ म्हणतात. तीन-चार दिवस सायकल चालवायची. सामान, पाणी, हवेचा पंप आणि दमलेला माणूस गाडीतून येतो. वारीत दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढे जातो आणि वारकरी मोकळ्या हातांनी चालतात, तसाच हा प्रकार. नाशिकहून पंढरपूरला सायकलने वारी करणारेही असेच गटाने जातात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1973 पासून दरवर्षी अशी आठवडाभराची सफर निघते. जपानमध्ये बिवा सरोवराला सायकलने फेरी मारतात, ती सुमारे 200 किलोमीटरची होते.

आता गावातली पोरंही चौकशी करू लागली आहेत. भारी सायकल नाही म्हणून बरेच जण मागे राहतात, पण खरी अडचण तिथे नसते. फीमध्ये नेमकं काय मिळणार, हे न विचारता पैसे भरले जातात, फसगत तिथे होते.

रस्ता कसा आहे

पनवेल ते अलिबाग साधारण 70 किलोमीटर. पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग, कर्नाळ्याची खिंड, पेण, मग वडखळला उजवीकडे वळून पोयनाड आणि कार्लेखिंड. चढाच्या मानाने हा दिवस सोपा, पण वाहतुकीच्या मानाने सगळ्यात वाईट. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम 2011 पासून कसं रेंगाळलं ते रायगडकरांना सांगायला नको. कंटेनर आणि ट्रेलर अंगावरून गेल्यासारखे जातात. म्हणून काही आयोजक सायकली टेम्पोत टाकून वडखळपर्यंत नेतात आणि तिथून पुढे चालवायला देतात. याला कोणी ‘चीटिंग’ म्हणेल, पण नवख्यांसाठी तेच शहाणपणाचं.

अलिबाग ते मुरूड 50 किलोमीटरच्या आसपास. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, नांदगाव. समुद्र उजव्या हाताला सोबत असतो, पण रस्ता सपाट नाही. छोटे छोटे चढ सारखे येतात आणि दुपारच्या उन्हात तेच मोठे वाटतात. मुरूडनंतर आगरदांडा ते दिघी खाडी फेरीबोटीने, म्हणजे आपल्या भाषेत जंगलजेटीने, ओलांडायची. पुढे दिवेआगर, आणि शेखाडीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धन. या वाटेवरचा सगळ्यात देखणा टप्पा हाच, त्यामुळे शेवटच्या दिवसासाठी पायात जोर राखून ठेवायला हवा.

फेरीबोट हवामानावर आणि वेळापत्रकावर चालते. एक फेरी चुकली की अख्खा गट धक्क्यावर ताटकळतो. आयोजकाने त्या दिवसाच्या वेळा आधी फोनवर विचारल्या आहेत का, एवढ्या एका प्रश्नावरून त्याची तयारी कळते.

पैसे भरण्याआधी

गाडी सगळ्यात शेवटच्या सायकलच्या मागे राहणार की पुढे मुक्कामाला जाऊन थांबणार? हा पहिला प्रश्न. जाहिरातीत ‘सपोर्टेड’ लिहायचं आणि गाडी फक्त बॅगा वाहायला वापरायची, असंही चालतं. मग वाटेत साखळी तुटली तर माणूस एकटाच. 25 सायकलींना एकच जीप असेल तर दमलेल्या चार जणांना आणि त्यांच्या सायकलींना जागा कुठे, तेही विचारावं.

मुक्काम, तिन्ही वेळचं जेवण, फेरीबोटीचं तिकीट, परतीचा टेम्पो यांतलं काय फीमध्ये आहे ते व्हॉट्सअपवर लिहून घ्यावं. तोंडी बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. परतीचं तर नक्कीच विचारावं. श्रीवर्धनहून म्हसळा, माणगावमार्गे सायकल आणि माणूस घरी कसा येणार, हा खर्च पुष्कळदा शेवटी डोक्यावर येतो. अपघात विमा, पैसे परत मिळण्याचे नियम, महिलांसाठी वेगळी खोली आणि 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र, या गोष्टी चांगला आयोजक आपणहून सांगतो.

ज्याला सायकलही भाड्याने हवी आहे, त्याने यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या गोव्यातल्या सायकल मोहिमेची चौकशी करायला हरकत नाही. त्यासाठी संस्थेचं सदस्यत्व लागतं.

सायकल आणि सराव

गिअरची असेल तर चढाला सोपं जातं. बिनगिअरची चालते, फक्त चढावर उतरून चालायची लाज नको. ब्रेक रबर नवे, टायर चांगले, मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट, यात तडजोड नाही. सीटची उंची मात्र बहुतेकांची चुकलेली असते. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात. जादा ट्यूब सोबत घ्यावी, कारण गाडीतली ट्यूब आपल्या चाकाच्या मापाची असेलच असं नाही.

सराव महिनाभर तरी हवा. पनवेलहून नेऱ्यामार्गे गाढेश्वर धरणाकडे जाऊन येणं सुरुवातीला पुरतं. मग अंतर वाढवत सलग दोन दिवस 40-40 किलोमीटर करून बघावं. एक दिवस कोणीही चालवतो. दुखऱ्या अंगाने दुसऱ्या सकाळी सीटवर बसता येतं का, ते बघायचं असतं.

पहाटे उजाडताच निघून 11 च्या आत मोठा टप्पा संपवावा. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी, मधूनच मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा कोकम सरबत. चक्कर, मळमळ किंवा घाम येणंच थांबलं तर ताबडतोब सावलीत थांबून गाडी बोलवावी, आणि बरं वाटत नसेल तर 108 ला फोन करावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा साखर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव नोंदवावं आणि रोजच्या गोळ्या टेम्पोतल्या बॅगेत न टाकता खिशात ठेवाव्यात.