गव्हाच्या पैशांतून गेलेली पुस्तकं

पानिपत आणि खडकी ऐकायला तुम्ही येता, हे मला ठाऊक आहे. आज मात्र लढाई नाही. आज पाच लोखंडी कपाटांबद्दल बोलायचं आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

मी जबलपूरला ग्वारीघाटाजवळ राहतो. संध्याकाळी नर्मदेच्या आरतीच्या घंटा घरात ऐकू येतात. २०१५ पर्यंत गोंदियाहून येणारी छोटी लाइनची गाडी नर्मदा ओलांडून इथूनच शहरात शिरायची. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. नागपूर राजधानी, त्यामुळे बदलीवर, नोकरीवर मराठी माणसं इकडे येत राहिली आणि ट्रंकेत पुस्तकं घेऊन आली. माणसं गेली, पुस्तकं एका खोलीतल्या पाच कपाटांत जमा झाली. ती खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कर्नलसाहेब करतील."

कर्नलसाहेबांनी केलं. फौजेत निकामी सामानावर बोर्ड बसतो: कामाचं एका बाजूला, बाद दुसऱ्या बाजूला, सही, विषय संपला. मी तसंच केलं. बांधीव कादंबऱ्या, नाटकं, चरित्रं ठेवली. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, हस्तलिखित अंक, पुस्तकं दिल्या-घेतल्याच्या जुन्या वह्या, असला सुटा कागद दोन पोत्यांत भरून रद्दीवाल्याला दिला. दुपारी चहा प्यायलो, फार छान वाटलं.

चार दिवसांनी आमच्यातल्याच एकांची सून यादी करायला आली. ती मूळची गोंदियाची, ग्रंथालयशास्त्र शिकलेली. तिने आधी पुस्तकांना हात लावला नाही. विचारलं, "काका, इथून कोण काय वाचायला न्यायचं, त्याची वही कुठे आहे?"

मी गप्प.

मग तिने लॅपटॉप उघडला आणि जगभरातल्या ग्रंथालयांची सामायिक सूची दाखवली, वर्ल्डकॅट. मी जपून ठेवलेली साठीतली एक कादंबरी तिने शोधली. मराठी नावं तिथे बहुधा रोमन अक्षरांत, डोक्यावर आणि पायाशी चिन्हं लावून नोंदलेली असतात. ती पद्धत माहीत नसेल तर हातातलं पुस्तकही सापडत नाही. तिला माहीत होती. कादंबरी शिकागोत होती, वॉशिंग्टनला होती, आणखी पाच-सहा ठिकाणी होती. माझा पहिला प्रश्न फौजी होता: ही तिथे पोचवली कोणी?

याचं उत्तर शोधताना मला जो इतिहास सापडला, तो लढाईपेक्षा कमी रंजक नाही. १९५४ साली अमेरिकेने पब्लिक लॉ ४८० केला. आपण त्याला पी. एल. ४८० म्हणतो आणि रेशनचा गहू आठवतो. त्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत भरत होतो, आणि ते रुपये भारतातच साठत होते. १९५८च्या एका दुरुस्तीने त्यातला काही भाग पुस्तकखरेदीला वापरायची सोय झाली. १९६२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय थाटलं आणि भारतीय भाषांतली पुस्तकं अनेक प्रतींनी घेऊन अमेरिकी विद्यापीठांना धाडायला सुरुवात केली. मराठीही त्यात आली. आपण गहू खाल्ला, त्यांनी आपली पुस्तकं जपली. याचा राग मानायचा की आभार, हे माझं अजून ठरलेलं नाही.

पण पुढचं वाचा. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश इंटरनेटवर, कुणालाही फुकट शोधता येतील असे ठेवले. त्यात मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. नुसते पानांचे फोटो नव्हेत. शब्द टाका, अर्थ समोर. मोल्सवर्थ माझ्या खास जवळचा, कारण तोही फौजी, कंपनीच्या मुंबई सैन्यातला कॅप्टन. कँडी बंधू आणि मराठी शास्त्र्यांच्या साथीने त्याने १८३१ साली कोश काढला, १८५७ साली वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. ग्वारीघाटावर बसून एखादा जुना शब्द अडला की आज मला पुण्याला पत्र टाकावं लागत नाही.

लांबच्या वाचकापर्यंत पुस्तक न्यायचं, ही कल्पना मात्र अमेरिकेची खास नव्हे, आणि संगणकाचीही नव्हे. बडोद्याला महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं. तो १९१३ पर्यंत राहिला. त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण-पद्धत रचली, ग्रंथपालांचे वर्ग घेतले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे खेळ होते, तेही ग्रंथालय खात्याकडूनच! आणि 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं त्रैमासिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. एका गावच्या ग्रंथपालाची युक्ती दुसऱ्याला कळावी, हा अशा पत्राचा उपयोग. आमची सून अडचण आली की ग्रंथपालांच्या ऑनलाइन गटात विचारते आणि रात्रीत कुणीतरी केरळातून उत्तर देतं. मला दोन्हींत टपालाच्या वेगाचा तेवढा फरक दिसतो.

ती यादी कोहा नावाच्या प्रणालीत करते. ती प्रणाली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ इथल्या लहानशा ग्रंथालयासाठी तयार झाली. १९९९ संपत आलं होतं, त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडेल याचा भरवसा नव्हता आणि नवी विकत घेणं परवडत नव्हतं. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःची बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये चालू केली आणि मग जगाला मोफत देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तेव्हापासून देशोदेशीचे ग्रंथपाल आणि प्रोग्रामर तिच्यात भर घालत आलेत. देवनागरीत नोंद करता येते, म्हणून आमच्या कपाटांतलं नाव आता मराठीतच शोधता येतं. इंदूरच्या एका बाईंना त्यांच्या वडिलांनी लहानपणी वाचून दाखवलेलं नाटक असं सापडलं. मी स्पीडपोस्टने पाठवलं.

पण कपाटांतली बरीचशी पुस्तकं दुसरीकडेही आहेत, मुंबईत, ठाण्यात, नाहीतर शिकागोत. सुनेने मला हे स्पष्ट सांगितलं. "काका, जागा कमी पडली तर ही कादंबरी गेली तरी चालेल. ती दुसरीकडे मिळेल. जबलपूरच्या मराठी माणसांनी स्वतः लिहिलेलं जगात कुठेच नोंदलेलं नाही. ते फक्त इथे होतं."

'होतं' या शब्दावर ती थांबली नाही, एवढी तिची भलाई. मी नेमकं उलटं केलं होतं. बाजारात मिळणारं जपलं आणि एकच प्रत असलेलं किलोच्या भावाने दिलं. तीस वर्षांच्या नोकरीत निकामी म्हणून बाद केलेल्या कुठल्याच वस्तूबद्दल मला झोप उडाली नव्हती.

दुसऱ्या सकाळी मी रद्दीवाल्याकडे गेलो. एक पोतं गेलं होतं. दुसऱ्याचा निम्मा माल शिल्लक होता, बाकीच्याच्या पुड्या झाल्या असाव्यात. उरलेलं त्याने दुप्पट भावाने दिलं, आणि मी घासाघीस केली नाही.

त्यात सात स्मरणिका आणि दिल्या-घेतल्याची एक वही मिळाली, पहिली काही पानं नसलेली. रविवारी सकाळी खिडकीपाशी उजेड चांगला असतो. मी पान सपाट धरतो, सून मोबाइलने फोटो काढते आणि खाली तारीख, पान, कोणाच्या हाती होतं, हे लिहून घेते. हस्ताक्षर माझ्या ओळखीचं निघालं की मी नाव सांगतो. मागच्या रविवारी एका ओळीत एकच कादंबरी एकाच बाईंनी चार वेळा नेलेली दिसली. बाईंचं घर मला माहीत आहे. आता तिथे त्यांची नात राहते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिला ते पान दाखवायला येत्या आठवड्यात जायचं आहे.