ब्रॉडवेच्या संगीत नाटकांची मैफलीतील ध्वनिमुद्रणे

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील संगीत नाटके श्रोत्यांपर्यंत मुख्यतः दोन प्रकारच्या ध्वनिमुद्रणांतून पोहोचतात. पहिला प्रकार मूळ नटसंचाच्या ध्वनिमुद्रिकेचा. त्यात नाटकातील कलावंत स्टुडिओत जाऊन गाणी गातात. दुसरा प्रकार मैफलीतील थेट ध्वनिमुद्रणाचा. या मैफलींत नेपथ्य नाममात्र असते, वाद्यवृंद रंगमंचावरच बसतो आणि प्रयोग बहुधा एक-दोन रात्रींपुरताच असतो. मूळ मुद्रिकेत जे राहून गेले, ते परत मिळवण्याचे काम अशा काही मैफलींनी केले आहे.

तबकडीची मर्यादा

१९४३ मध्ये डेक्का कंपनीने ‘ओक्लाहोमा!’ची गाणी मूळ कलावंतांच्या आवाजात प्रसिद्ध केली आणि ही प्रथा रुजली. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गायन मावत असे. मराठी नाट्यपदांनाही याच चौकटीत बसावे लागले. १९४८ मध्ये दीर्घकालीन तबकडी (एलपी) आली, तरी दोन्ही बाजू मिळून साधारण पन्नास मिनिटांचाच अवकाश मिळे. दोन-अडीच तासांच्या नाटकातील कडवी, नृत्यसंगीत आणि गायलेले संवाद त्यामुळे गळत.

‘फॉलीज’चे उदाहरण

स्टीफन साँडहाइम यांचे ‘फॉलीज’ ४ एप्रिल १९७१ रोजी विंटर गार्डन थिएटरमध्ये सुरू झाले आणि त्याचे ५२२ प्रयोग झाले. कॅपिटॉल कंपनीने मात्र त्याचे संगीत एकाच तबकडीत कोंबले. काही गाणी वगळली, काही तोडली. ही खंत पुढे चौदा वर्षे टिकली. अखेर ६ व ७ सप्टेंबर १९८५ रोजी लिंकन सेंटरमधील एव्हरी फिशर हॉलमध्ये (आजचे डेव्हिड गेफन हॉल) न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या साथीने हे नाटक मैफलीच्या रूपात सादर झाले. बार्बरा कुक, ली रेमिक, जॉर्ज हर्न आणि मँडी पॅटिन्किन प्रमुख भूमिकांत होते. वृंदसंचालन पॉल जेमिन्यानी यांचे होते. निर्माते थॉमस शेपर्ड यांनी ते आरसीएसाठी मुद्रित केले आणि नाटकाचे संगीत विस्ताराने उपलब्ध झाले.

आणखी तीन मैफली

साँडहाइम यांचेच ‘एनीवन कॅन व्हिसल’ १९६४ मध्ये अवघ्या ९ प्रयोगांत बंद पडले होते. १९९५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीच्या मुद्रणात, मूळ नाटकातून गाळलेले एक गाणेही समाविष्ट झाले. १९८१ च्या ‘ड्रीमगर्ल्स’मध्ये बरेचसे संवाद गायलेले आहेत, पण मूळ मुद्रिकेत निवडक गाणीच होती. २४ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरील दहशतवादी हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, नाट्यकर्मींना साहाय्य करणाऱ्या ॲक्टर्स फंडासाठी त्याची मैफल झाली आणि संगीताचा बराच मोठा भाग मुद्रित झाला. मे २००० मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ‘स्वीनी टॉड’ सादर केले. जॉर्ज हर्न यांनी ही भूमिका ब्रॉडवेवर लेन कॅरिऊ यांच्यानंतर केली होती. त्यामुळे मूळ मुद्रिकेत त्यांचा आवाज नव्हता. तो या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ऐकता येतो.

गुण आणि उणिवा

मोठ्या वाद्यवृंदामुळे स्वररचनेचे बारकावे उठून दिसतात आणि श्रोत्यांचा प्रतिसादही जपला जातो. मात्र तालमींना वेळ थोडा मिळतो, संवाद छाटले जातात, भूमिकेच्या योग्यतेपेक्षा नावाच्या वलयाकडे पाहून कलावंत निवडल्याची टीकाही होते. टाळ्यांच्या कडकडाटात गाण्याचा शेवट कधी हरवतो. मुख्य म्हणजे, ज्यांच्यासाठी भूमिका रचल्या गेल्या, त्यांचे आवाज येथे बहुधा नसतात. ‘फॉलीज’मधील अलेक्सिस स्मिथ आणि डोरोथी कॉलिन्स यांच्यासाठी १९७१ च्या अपुऱ्या मुद्रिकेकडेच वळावे लागते. म्हणून जाणकार श्रोता दोन्ही मुद्रणे संग्रही ठेवतो: एक मूळ आवाजांसाठी, दुसरे पूर्णतर संगीतासाठी.