तुषारातून आलेला ताप

पाण्यातून होणारा आजार म्हटलं की आपल्याला हगवण, कावीळ, पटकी आठवते. हे सगळे पोटातून येतात, म्हणून आपण पाणी गाळतो, उकळतो. पण एक आजार पाण्याच्या बारीक तुषारांतून, श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. गटाच्या बैठकीत हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा आम्हालाही खरं वाटेना.

जुलै १९७६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन एका नावाजलेल्या हॉटेलात भरलं. माणसं घरी परतली आणि ताप, खोकला, धाप यांनी अंथरुणाला खिळली. २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. जेवणातून विषबाधा म्हणावी, तर काही रोगी हॉटेलात शिरलेच नव्हते, नुसते बाहेरच्या रस्त्यावरून गेले होते! महिनोन्‌महिने कारण सापडेना. हॉटेल मात्र बदनाम होऊन नोव्हेंबरात बंद पडलं.

सरकारी प्रयोगशाळेतले जोसेफ मॅकडेड यांनी डिसेंबरअखेर आधी तपासलेल्या काचपट्ट्या पुन्हा बघायला घेतल्या. निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घ्यावेत आणि खडा सापडावा, तसा त्यांना जंतू सापडला. सैनिकांच्या संघटनेवरून त्याचं नाव पडलं लीजनेला. तो साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो. हॉटेलची हवा थंड करणाऱ्या यंत्रणेच्या पाण्यावर संशय गेला.

मग जपून ठेवलेले जुने रक्ताचे नमुने काढले. १९६८ मध्ये पाँटियाक गावात १४४ जणांना अचानक ताप आला होता. तोही याच जंतूचा निघाला. तिथे कोणी दगावलं नाही. आणि इमारत कसली, तर आरोग्य खात्याची!

आम्हाला सर्वांत जवळची वाटली ती १९८९ ची गोष्ट. लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात ३३ जणांना हा न्यूमोनिया झाला. चौकशीत कळलं, बहुतेक जण एकाच किराणा दुकानात जाऊन आले होते. तिथे भाजी टवटवीत राहावी म्हणून धुकं सोडणारं यंत्र होतं. आपली भाजीवाली हाताने पाणी शिंपडते, ते थेंब जड, खाली पडतात. यंत्राचे तुषार इतके बारीक की हवेत तरंगतात आणि थेट फुप्फुसापर्यंत जातात. यंत्राच्या टाकीतलं पाणी तपासलं, त्यात लीजनेला होता.